पत्र्यावरचा मोती

इलेक्ट्रिक गिटारी दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध कारागीर मास्तरांकडे एकदा एक शिष्या काम शिकत होती. वयाने तिशीची, हाताने चपळ आणि कुणाचे उणे बोल ऐकून न घेणारी. त्या दुकानाचा एक रिवाज होता. दुरुस्त झालेल्या गिटारीतली प्रत्येक वायर मास्तर गिऱ्हाइकासमोर चिमट्याने ओढून पाहत आणि मगच झाकण लावत.

एक दिवस एक ऑर्केस्ट्रावाला आपली गिटार घेऊन आला. सुरांऐवजी तिच्यातून नुसती घरघर येत होती आणि संध्याकाळी त्याला शेजारच्या गावी वाजवायचे होते. मास्तर शिष्येला म्हणाले, "ही तू एकटीने कर. नीट उतरली, तर उद्यापासून गिऱ्हाइकाचं काम तुझ्या हाती."

शिष्येने जीव ओतला. व्हॉल्यूमच्या बटणाखाली पत्र्याची लहानशी डबी असते. तिच्या पाठीवरची वायर सुटली होती. तापलेल्या सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर सोल्डरचा, म्हणजे जोडायच्या मऊ धातूचा, थेंब वितळवून तिने तो वायरीवर अलगद सोडला आणि हात चटकन मागे घेतला. जोड मोत्यासारखा गोल, चकचकीत झाला. गिटार स्पीकरला लावून पाहिली. घरघर गेली होती, सूर स्वच्छ होते.

"वा, ताई! जिंकलंत!" ऑर्केस्ट्रावाला म्हणाला.

मास्तरांनी चिमटा घेतला, वायर पकडली आणि ओढली. मोती वायरीसकट वर आला. खाली पत्रा कोराच्या कोरा.

शिष्या बघतच राहिली. मग तिचा पारा चढला. "मास्तर, वाजत होती की ती! चालणारी वस्तू मोडायची, हा कुठला न्याय?"

"वाजत होती," मास्तर म्हणाले. "जोडलेली नव्हती."

"म्हणजे काय?"

"पत्रा गारच होता. तू तो तापवलाच नाहीस."

"तापवला नाही?" शिष्येचा आवाज वाढला. "गेल्या आठवड्यात त्या स्विचचं प्लास्टिक वितळलं, तेव्हा 'जाळतेस काय, बाई' म्हणून दुकानभर ओरडलात. आज म्हणता गार ठेवलंस. एकदा काय ते ठरवा ना! तापवायचं की नाही तापवायचं?"

"भांडण मागाहून करा हो," ऑर्केस्ट्रावाला काकुळतीला आला. "माझी गाडी चुकेल."

मास्तरांनी पॉलिश पेपरने डबीची पाठ खरवडली आणि आयर्न शिष्येच्या हाती दिले. "पत्र्यावर आडवं टेकव. सोल्डर पत्र्याला लाव, आयर्नला नको."

तिने लावले. सोल्डर वितळेना. क्षण लांबला. तिच्या कपाळावर घाम आला. "मास्तर, आतलं जळेल."

"थांब."

"जळेल हो!"

"पत्र्याला ठरवू दे."

आणि सोल्डर आपोआप विरघळले, पाण्यासारखे पत्र्यावर पसरले. वायर त्यात बुडाली. तिने आयर्न उचलले आणि सवयीने फुंकर घालायला ओठ पुढे केले.

"फुंकू नकोस. हलवूही नकोस. निवू दे त्याचं त्याला."

जोड निवला. तो पसरट होता, पहिल्याइतका देखणा नव्हता. शिष्या आणखीच गोंधळली. "आधीचा दिसायला बरा होता."

तेव्हा मास्तर म्हणाले, "बाई, गार पत्र्यावर सोल्डर बसतं, पण त्याला धरत नाही, म्हणून गोल राहतं. तो मोती मंचावर पहिल्या हिसक्याला सुटला असता. स्विच नाजूक होता, त्याला निमिषभराची ऊब पुरे होती. हा पत्रा जाड आहे, तो उशिरा तापतो. मी ओरडलो, तेव्हापासून तू समोर काय आहे ते पाहणं सोडलंस आणि माझा ओरडा तेवढा सांभाळत बसलीस. किती तापवायचं हे मला विचारू नकोस. ज्याला जोडायचंय, त्याला विचार."

"मग हे त्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

मास्तर म्हणाले, "चुकलंच माझं. नुसता ओरडलो."

या उत्तराची शिष्येला अपेक्षा नव्हती. मास्तरांनी चिमटा तिच्यापुढे धरला. तिने वायर पकडली आणि अशी ओढली की ऑर्केस्ट्रावाल्याने डोळेच मिटले. वायर ताणली गेली. जोड जागचा हलला नाही.

"मिळेल ना गाडी?" त्याने एक डोळा उघडून विचारले.

"मिळेल," शिष्या म्हणाली आणि झाकण लावायला बसली. तिने मास्तरांकडे पाहिले नाही. विचारण्यासारखे आता काही उरले नव्हते.

एकदा जाळल्याचा बोल लागला की माणूस पुढे सगळ्यांनाच गार ठेवतो, आणि वर त्याला सावधपणा म्हणतो.