पाणवठ्याचे नवे घड्याळ

डोंगरउतारावरच्या एका दाट जंगलात एक खार राहत असे. मुलांनो, खारी सगळ्याच चपळ असतात, पण ही खार चपळ असून कष्टाळूही होती. जंगलाचा एकुलता एक संगणक उंबराच्या ढोलीत ठेवलेला होता आणि त्याची सगळी देखभाल ती एकटी करी.

उन्हाळ्यात त्या जंगलात एकच पाणवठा उरे. पूर्वी तिथे रोज झुंबड उडे आणि रोज कोणी ना कोणी जिवानिशी जाई. म्हणून सगळ्यांनी मिळून ठरवले होते, की ज्याने त्याने आपल्या पाळीलाच पाण्यावर जायचे, दुसऱ्याच्या पाळीला तिकडे फिरकायचे नाही. बिबट्यानेही हे कबूल केले होते. प्रत्येकाच्या वस्तीवर एक घंटा टांगलेली होती. पाळी आली की संगणक ती घंटा वाजवी. रानगवे, सांबरे, डुकरे, वानरे, मोर, हरणे आणि बिबट्या अशा सात जणांची सात छोटी पॅकेजे, म्हणजे घंटा वाजवणारे छोटे प्रोग्राम होते, आणि ती सातही एकाच घड्याळाच्या आधाराने चालत. हे घड्याळसुद्धा सॉफ्टवेअरच होते. पलीकडच्या तळ्यातल्या एका कासवाने ते लिहिले होते आणि साऱ्या जंगलांना वापरायला दिले होते.

कासव मोठे काटेकोर होते. त्याचे घड्याळ सूर्योदयापासून तास मोजी; पण सूर्योदय रोज थोडा थोडा सरकतो, हे कासवाला खटकत असे. सावली पायाशी येते ती वेळ जास्त भरवशाची, असे ठरवून त्याने भर दुपारपासून तास मोजणारी नवी आवृत्ती लिहायला घेतली. दोन वर्षे ते प्रत्येक लहानसहान सुधारणेबरोबर सूचना पाठवत राहिले : ‘जुनी पद्धत पुढे बंद होणार आहे. आपापली पॅकेजे बदलून घ्यावीत.’ खार ती सूचना पाही आणि बाजूला सारी. घंटा वेळेवर वाजत होत्या. शिवाय कधी वानरांनी तार ओढलेली असे, तर कधी डुकरांनी घंटेचा खांब उकरलेला असे. दिवस कसा जाई ते तिला कळत नसे.

मग ऐन वैशाखात कासवाचा निरोप आला : ‘चार दिवसांनी जुने घड्याळ थांबेल.’

 खारीने त्याच दिवशी नवे घड्याळ आणून शेजारी बसवून पाहिले, तर पडद्यावर एकाखाली एक सहा लाल खुणा उमटल्या. पॅकेजे विचारत होती, ‘सूर्योदयापासून किती तास झाले?’ आणि नव्या घड्याळाला हा प्रश्नच समजत नव्हता. खारीने एकेक पॅकेज उघडले, प्रश्न बदलला, तासांचा हिशेब नव्याने मांडला. रानगव्यांचा पहिला तास आता एकोणिसावा झाला. बिबट्याचा संध्याकाळचा अकरावा तास पाचवा झाला. एक लाल खूण पुसावी तर तिच्यामुळे दुसरीकडे दोन नव्या उमटत. तीन दिवस ती ढोलीबाहेर पडली नाही. डोळ्यांची आग होत होती, शेपटी धुळीने माखली होती.

हरणांच्या पॅकेजवर मात्र पहिल्यापासून हिरवी खूण होती. ते सगळ्यांत जुने पॅकेज होते. गेल्या वर्षी वारलेल्या एका साळिंदराने ते लिहिले होते, आणि ते नेमके कसे चालते हे त्याच्यामागे कोणालाच नीट ठाऊक नव्हते.

चौथ्या दिवशी सकाळी जंगलाचा कारभार पाहणारा कोल्हा ढोलीशी आला. “झाले का?” त्याने विचारले.

“सहा झाली. हरणांचे पॅकेज तेवढे उघडून पाहायचे आहे. एक दिवस मिळाला तर बरे होईल.”

“ते तक्रार करते आहे का?”

“नाही.”

“मग चालत्या गोष्टीला हात कशाला लावतेस?” कोल्हा म्हणाला. “जुने घड्याळ आज थांबायचे आहे. सुरू कर.”

खारीला नाही म्हणायचे होते. पण मान वर धरण्याचेही त्राण तिच्यात उरले नव्हते. तिने नवे घड्याळ सुरू केले, सात हिरव्या खुणा पाहिल्या आणि तिथेच अंग टाकले.

ती जागी झाली ती वानरांच्या ओरडण्याने. ऊन उतरले होते. पाणवठ्याकडून धूळ उठत होती. तिने धडपडत पडदा पाहिला. सातही खुणा हिरव्या होत्या. मग ती फांद्यांवरून उड्या टाकत पाणवठ्यावर गेली. सगळे संपले होते. चिखलात हरणांच्या खुरांच्या खुणा चहूकडे फाकल्या होत्या. बिबट्या करवंदीच्या जाळीपाशी बसून पंजा चाटत होता.

“माझी घंटा झाली, मी आलो,” तो शांतपणे म्हणाला. “माझ्या पाळीला कोण आले ते त्यांना विचार. नियम मी मोडलेला नाही.”

एक म्हातारे हरीण आणि एक पाडस गेले होते. पाडस ज्या हरिणीचे होते ती उंबराखालीच राहत असे, खारीच्या रोजच्या उठण्याबसण्यातली. ती माळावर उभी होती आणि अजून पाणवठ्याकडेच पाहत होती.

“आमची घंटा सकाळी झालीच नाही,” हरिणी म्हणाली. “पोराला फार तहान लागली होती. दुपारी तुला विचारायला आले होते, तर तू झोपलेली. तीन दिवस जागी होतीस, म्हणून उठवले नाही. कोल्हेदादा म्हणाले, नवी आवृत्ती आहे, घंटा होईल तेव्हा जा. मग संध्याकाळी घंटा झाली.”

“मला उठवायचे होतेस,” खार म्हणाली.

हरिणी वळून कळपाकडे निघून गेली.

खार ढोलीत परतली आणि तिने साळिंदराचे पॅकेज उघडले. साळिंदर मितभाषी होते. त्याने घड्याळाला एवढेच विचारले होते, ‘किती तास झाले?’ नव्या घड्याळाला हा प्रश्न समजला आणि त्याने खरे उत्तर दिले, भर दुपारपासूनचे. हरणांची पाळी पाचव्या तासाला लिहिलेली होती. तो पाचवा तास आता बिबट्याच्या पाचव्या तासावर जाऊन बसला होता. खारीने पाच खोडून तेवीस लिहिले. एक शेंगदाणा सोलायलाही याहून जास्त वेळ लागतो.

तिने कासवाला सगळे कळवले. कासवाचे उत्तर आले : ‘वाईट वाटले. पण नुसते किती तास झाले असे विचारले तर उत्तर दुपारपासूनचे येईल, हे सूचनेच्या चौदाव्या ओळीत होते.’ खारीने सूचना काढून पाहिली. चौदाव्या ओळीत तसे खरोखरच लिहिलेले होते.

पुढच्या सभेत कोल्हा म्हणाला, “मी विचारले होते. पॅकेज तक्रार करत नाही, असे खारीनेच सांगितले होते.” तेही खोटे नव्हते. खार उभी राहिली आणि पुन्हा खाली बसली. घंटांवर आता कोणाचाच भरवसा उरला नव्हता; सभेने त्या उतरवायचे ठरवले. रानगव्यांनी एका सकाळीतच साऱ्या घंटा खाली पाडल्या.

पाळ्या गेल्या तशी पाणवठ्यावर पुन्हा झुंबड सुरू झाली. बळकट जनावरे दिवसभर पाण्यात बसून राहू लागली. हरणे लांब उभी राहून वाट पाहत, आणि तहान सोसवेना तेव्हा जीव मुठीत धरून पुढे होत. वैशाख सरेपर्यंत कळपातली निम्मी हरणे गेली. हरिणीने उंबराखालची जागा सोडली. जाताना तिने वर पाहिले नाही, आणि खारीलाही तिला हाक मारायचा धीर झाला नाही.

तात्पर्य : एखादे काम तक्रारीवाचून चालले आहे म्हणजे ते बरोबर चालले आहे, असे समजू नये. ज्यावर दुसऱ्याचा जीव विसंबून आहे, ते वेळ हाताशी असतानाच स्वतः उघडून पाहावे. नंतर केलेली दुरुस्ती कितीही अचूक असली, तरी गेलेले परत येत नाहीत.