आईचं शेवटचं वाक्य

“...आणि हे वाक्य तिचंच?”

भंते नागज्योतींनी सुईत दोरा ओवता ओवता विचारलं. फाटलेलं चीवर त्यांच्या मांडीवर पसरलेलं होतं.

“तिचंच,” कॉलम डेव्हनी म्हणाले. “शेवटचं.”

डेव्हनी मूळचे आयर्लंडचे. तिकडच्या पश्चिम किनाऱ्यावर, मासेमारांच्या वस्तीत वाढलेले. घरात आयरिश, शाळेत इंग्रजी. पुढे स्वतःच शिक्षक झाले, लेखक झाले, देशोदेशी फिरले. जपानात सहा वर्षं शिकवलं, श्रीलंकेत चार; तिथेच एका वृद्ध भिक्खूंपाशी बसून पाली शिकले. आता दोन वर्षांपासून नागपुरात शिक्षकांचे वर्ग घेत होते, आणि मराठी अशी बोलत की ऐकणारा चाट पडे.

मूल आईच्या भाषेतच शिकलं पाहिजे, हे त्यांनी जन्मभर सांगितलं. आईवर लिहिलेलं त्यांचं पुस्तक अकरा भाषांत गेलं होतं.

त्या सकाळी भंडाऱ्याजवळच्या एका शाळेत चाळीस मुलींनी त्याच पुस्तकातलं अखेरचं वाक्य त्यांना एका सुरात म्हणून दाखवलं: ‘बाळा, मी जाते; माझे शब्द तुझ्यापाशी ठेवून जाते.’

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. डेव्हनींनी हात जोडले. आणि टाळ्या थांबायच्या आतच त्यांना तिथून पळून जावंसं वाटलं.

गावाबाहेर तलावाकाठी विहार आहे, तिथले भंते फार कमी बोलतात, असं त्यांच्या कानावर आलं होतं. ते जेवायलाही न थांबता इकडे निघून आले. आल्या आल्या त्यांनी पालीतल्या चार गाथा खणखणीत म्हटल्या. वंदन केलं. पुस्तकाची मराठी प्रत भंतेंपुढे ठेवली.

भंतेंनी शेवटचं पान तेवढं वाचलं. आयुष्याची पन्नास वर्षं विड्या वळून मग चीवर घेतलेला माणूस. अक्षरांवरून बोट फिरवत सावकाश वाचायचे.

“ध्यानाला बसतो मी, भंते,” डेव्हनी म्हणाले. “एकोणीस वर्षं झाली. श्वासावर मन ठरत नाही. काय चुकतंय?”

भंतेंनी दोऱ्याला गाठ मारली.

“ती गेली तेव्हा तुम्ही होता का जी तिथं?”

डेव्हनींना प्रश्न आवडला नाही. इतक्या मुलाखती झाल्या, कुणी असं विचारलं नव्हतं.

“जपानात होतो. फोनवर बोललो होतो.”

“कोणत्या भाषेत?”

डेव्हनी पुस्तकाची कड चाचपू लागले.

“सर, तुम्हाला भाषा किती येतात?” भंतेंनी विचारलं.

“सात,” डेव्हनी पटकन म्हणाले.

“तिची धरून?”

बाहेर तलावात एक बाई कमरेइतक्या पाण्यात शिंगाडे तोडत होती. डेव्हनींनी तिच्याकडे बघितलं.

“म्हातारपणी ती इंग्रजी विसरली,” ते म्हणाले. “येत होती तेवढीही. बहिणीनं इस्पितळातून फोन लावून तिच्या कानाशी धरला. ती आयरिशमध्ये बोलत होती. मला सगळं कळत होतं, भंते. शब्दन् शब्द. पण मी तोंड उघडलं की इंग्रजीच यायचं. एकदा तर जपानी आलं. मी नुसता म्हणत राहिलो, आई, मी कॉलम, मी कॉलम... इंग्रजीतून.”

“मग?”

“मग ती बहिणीला म्हणाली...”

भंतेंची सुई अर्ध्या टाक्यात.

“म्हणाली, ‘हे साहेब फार चांगले आहेत गं. पण त्यांना म्हणावं, आता फोन माझ्या मुलाला द्या.’”

डेव्हनींनी चष्मा काढून हातात धरला.

“दोन दिवसांनी गेली. मध्ये काही बोलली नाही.”

“आणि पुस्तकातलं?”

“ते मी लिहिलं. तिच्या मातीला जाताना. विमानात.”

भंतेंनी चीवर बाजूला ठेवलं.

“ती फोनवर म्हणाली ते तिच्या भाषेत म्हणा.”

“तुम्हाला कळणार नाही.”

“म्हणा.”

डेव्हनींनी डोळे मिटले. एक शब्द निघाला. आणि मग ते सगळं वाक्य आलं, सलग, न चुकता. शेवटाला आवाज किंचित वर चढवायची आईची लकबसुद्धा आली. त्यांनी ते पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणताना साठी उलटलेला तो उंच माणूस फरशीवर कपाळ टेकून रडला.

भंतेंनी त्यांना रडू दिलं. पाठीवर हात ठेवला नाही, पाणी दिलं नाही.

हळूहळू डेव्हनी उठून बसले. चष्मा पुसला. श्वास खाली उतरला होता. इतक्या वर्षांत तो असा कधी उतरला नव्हता.

“भंते... हे वाक्य.”

भंतेंनी चीवर पुन्हा मांडीवर घेतलं.

“किती साधं आहे. आणि किती भयंकर! माझं काहीच नाही ह्यापुढे.” त्यांचा हात खिशाकडे गेला, पेन निघालं. “पुढच्या आवृत्तीचा शेवट ह्यानंच करतो. सगळं कबूल करतो. आधी आयरिशमध्ये छापू, खाली भाषांतर. शाळाशाळांतून मुलांना कळलं पाहिजे, भाषा जाते म्हणजे काय जातं ते.”

आवाजात व्याख्यानाची धार परत आली होती. त्यांना ती ऐकू आली नाही.

त्यांनी पुस्तक ओढलं. शेवटचं पान काढलं. जुन्या वाक्यावर एक सरळ रेघ मारली आणि शेजारच्या कोऱ्या जागेत लिहायला घेतलं.

भंतेंनी पानावर पंजा ठेवला.

पेन आधीच चालू झालं होतं. विडीच्या पानांनी राठ झालेल्या त्या बोटांवरून शाईची निळी रेघ ओढली गेली.

डेव्हनी चपापले. “माफ करा. पण... आता तर मी खरं लिहितोय, भंते!”

“हो जी. खरं आहे.”

पंजा हलला नाही.

“मग?”

“बाकी सगळं तुम्ही घेतलं, सर. एवढं तिच्यापाशी राहू द्या.”