राणीसाहेबांचा कीबोर्ड

श्रीमंत आबासाहेबांच्या कीबोर्डचा पोर्ट मोडला आणि तांबवड्याच्या राजवाड्यातलं लिखाण सतरा दिवस बंद पडलं.

पोर्ट म्हणजे कीबोर्डच्या मागच्या कडेचं बारीक तोंड. त्यात केबल बसते. आता केबल लावली की ते तोंडच आत-बाहेर हलायचं आणि दिवा काही लागायचा नाही. कारभारी नरहरपंतांनी बाजारातून नवा कीबोर्ड आणला. आबासाहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. "हा कोणाचा?" एवढंच विचारलं. पंतांनी तो पुन्हा खोक्यात घातला.

जुना कीबोर्ड राणीसाहेबांचा होता. त्या पंचक्रोशीतल्या विणकरांचे शब्द गोळा करून कोश लिहीत होत्या. 'भ'पर्यंत आल्या आणि गेल्या. पुढची अक्षरं आबासाहेब त्याच कीबोर्डवर एका बोटानं लिहीत होते. राणीसाहेबांच्या बोटांनी काही बटणं पार गुळगुळीत झाली होती. आबासाहेब लिहिता लिहिता त्यांवर बोट ठेवून नुसतेच बसायचे. पंत तेवढा वेळ खिडकीबाहेर बघायचे.

दुरुस्तीला पहिला माणूस आला तो जिल्ह्याच्या गावाहून. त्यानं कीबोर्ड दुकानात नेला. पोर्टाला हातही लावायच्या आधी त्यानं गुळगुळीत बटणं काढून नवी बसवली, आणि वर ते कौतुकानं फोनवर कळवलं. पंतांनी जाऊन त्याच्या कचऱ्याच्या डब्यातून जुनी बटणं वेचून आणली आणि पुन्हा जागच्या जागी बसवली. आबासाहेब दोन दिवस जेवले नाहीत. मग हुकूम सुटला, "कीबोर्ड क्षणभरही माझ्या नजरेआड जायचा नाही."

दुसरा माणूस वाड्यावरच आला. त्यानं आबासाहेबांच्या पुढ्यात बसून एकेक बटण उपटून ताटलीत टाकायला सुरुवात केली. सातव्या बटणाला आबासाहेबांच्या छातीत कळ आली. पंतांनी ती सातही परत बसवली. डॉक्टर येऊन गेल्यावर दुसरा हुकूम सुटला, "माझ्यासमोर तो कोणी उघडायचा नाही."

तिसऱ्यानं दोन्ही हुकूम ऐकून घेतले. "सरकारांनी थोडा वेळ डोळे मिटावेत," तो म्हणाला.

"डोळे मिटले की तो नजरेआड होतो," आबासाहेब म्हणाले. तिसरा चहा न घेताच गेला.

शेवटी पंत एस.टी. स्टँडसमोर जैबुन तांबोळीकडे गेले. चाळिशीची ही बाई हातगाडीवर छत्री लावून मिक्सर, रेडिओ, मोबाइल असं सगळं दुरुस्त करायची. पंतांनी तिला सगळी हकिकत सांगितली.

"नजरेआड न्यायचा नाही आणि समोर उघडायचा नाही," जैबुननं खात्री करून घेतली.

"हो."

"नीट होईल असं वाटतं तुम्हाला?"

"मला काही वाटत नाही, बाई. सरकार वाळत चाललेत."

जैबुननं गाडीवर ताडपत्री टाकली आणि पिशवी उचलली.

वाड्यात तिनं आधी केबल लावून पोर्ट बोटानं दाबून धरला. दिवा लुकलुकला. "आतले टाके सुटलेत. बाकी जीव शाबूत आहे," ती म्हणाली.

मग तिनं दोन जाडजूड पुस्तकं मागितली. त्यांच्या मधे कीबोर्ड उभा केला, बटणं आबासाहेबांकडे आणि पाठ आपल्याकडे. स्वतः टेबलापलीकडे स्टुलावर बसली.

"सरकार, आधीच्यांनी बटणं हलवली होती. सगळी जागच्या जागी आहेत का, तेवढं मोजून घ्या. मोठ्यानं मोजा."

आबासाहेबांनी चष्मा लावला. "एक. दोन. तीन..."

पंत दाराशी उभे होते. पलीकडून स्क्रू फिरल्यासारखी बारीक करकर येऊ लागली. आबासाहेब एकोणतीसवर थांबले. "कसला आवाज?"

"मोजणी चुकेल, सरकार."

"तीस. एकतीस..."

काही तरी टक् झालं. सत्तरच्या सुमारास कीबोर्डच्या वरच्या कडेवरून धुराची बारीक रेघ निघाली.

"धूर येतोय," आबासाहेब म्हणाले.

"येतो थोडा."

आबासाहेब पंतांकडे मान वळवणारच होते, पण नजर बटणांवरच ठेवली. "एकाहत्तर," ते म्हणाले.

एकशे चार बटणं भरली. जैबुननं ती पुन्हा उलट्या क्रमानं मोजायला सांगितली. ती मोजून होईपर्यंत तिनं पाठीवरचा शेवटचा स्क्रू पिळला, कीबोर्ड आडवा केला आणि केबल लावली. दिवा लागला.

आबासाहेबांनी एका बोटानं एक बटण दाबलं. पडद्यावर 'म' उमटला. ते त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांचा चेहरा कडक झाला.

"बाई, कीबोर्ड उघडला होता का?"

"उघडला होता, सरकार."

"माझे हुकूम ठाऊक होते?"

"दोन्ही."

"मग?"

"तुम्ही त्याच्यावरची नजर एकदाही काढली नाही. मी बघत होते. म्हणजे नजरेआड काही गेला नाही."

"आणि उघडला तो माझ्यासमोरच ना?"

"तुमच्यासमोर बटणं होती, सरकार. एकशे चार. दोनदा मोजलीत. त्यांतलं एक तरी जागचं हललं का? उघडला तो पाठीमागून. त्याच्या पाठीमागं फक्त मी होते."

पंतांनी सवयीनं खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. तेवढ्यात आबासाहेबांच्या घशातून कसलासा आवाज आला. पंत डॉक्टरांना बोलवायला निघाले, पण तो आवाज हसण्याचा होता. राणीसाहेब गेल्यापासून पंतांनी तो ऐकला नव्हता, म्हणून चटकन ओळखू आला नाही. आबासाहेब चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले.

"पंत, लिहून घ्या. देवडीतली रस्त्याकडची खोली आजपासून जैबुनबाईंच्या दुकानासाठी. वीज वाड्याची. भाडं नाही."

पंतांनी लिहून घेतलं. "अट काही घालायची, सरकार?"

"हिला?" आबासाहेब म्हणाले. "नको. कसलीही घातली तरी ही पाळून दाखवील."