फुगलेल्या शेळीचे शीर्षक

अधिष्ठात्यांच्या दालनातली ही बैठक मी प्रत्यक्ष पाहिलेली नाही. ऐकली तशी सांगते. पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा ब्लॉग डॉ. वैजयंती खरात लिहीत. शोधूनही तो कुणाला सापडत नव्हता, म्हणून अधिष्ठाते तो बंद करायला निघाले होते. ‘अजवर्गीय उदराध्मान : व्यवस्थापन’ असली शीर्षके मात्र अधिष्ठात्यांचीच.

“लोक वाचतच नाहीत, बाई.”

वैजयंतीबाईंनी आवाज चढवला नाही. “सर, गावाकडं तुमची शेळी फुगली, तर मला फोनवर काय म्हणाल?”

“शेळीचं पोट फुगलंय, काय करू?”

“लोकही गूगलवर हेच विचारतात. हे शीर्षकही तुमचंच, त्या लेखाला देऊ ना?”

अधिष्ठात्यांना नाही म्हणता येईना. महिन्याभरात लेख गूगलच्या पहिल्या पानावर आला. त्याखाली पहिला प्रश्न विचारणाऱ्याची शेळी वाचली का, हे अजून कळलेले नाही.