रेवाचा घास

“माती शुद्ध, पाणी शुद्ध, बी गावरान. मग माझी पोरगी जेवत का नाही, माय?”

विश्वंभरनं एवढं विचारलं आणि वांग्या-दोडक्यांनी भरलेली टोपली अनसामायपुढे ठेवली.

अनसामाय पैनगंगेकाठच्या लहानशा मठात राहायची. गावात माधुकरी मागायची आणि आल्यागेल्याला त्यातलंच वाढायची. लोक तिला गुरू मानत. ती स्वतःला काहीच मानत नसे.

विश्वंभर पाटबंधारे खात्यातला इंजिनिअर. माणूस हुशार, आणि आपण हुशार आहोत हे विसरणं काही त्याला जमत नसे. रेवा त्याची एकुलती एक लेक, सात वर्षांची. मागे तिला कावीळ झाली होती. कावीळ गेली, पण अन्नावरची वासना उडाली ती उडालीच. पोर वाळून काटकी झाली होती.

नाव विश्वंभर, आणि घरातलं एक लेकरू जेवेना! बापाच्या जिवाला घोर लागला होता.

“बाजारची भाजी बंद केली,” तो सांगू लागला. “परसातली फरशी स्वतः उखडली. वाफे केले. शेणखत घातलं, जीवामृत घातलं. फवारणीचा एक थेंब नाही. पानावरची अळीसुद्धा हातानं वेचतो मी. कुणासाठी केलं हे सगळं?”

“कुणासाठी?”

“रेवासाठीच की! पण घरात कुणाला त्याची जाण नाही. बायको तर म्हणते, ताटावर बसायची भीती वाटते.”

“ती कामून?”

“कुणास ठाऊक...”

माय गालातल्या गालात हसली.

“दमून आलास बाबा. नदीवर जाऊन हातपाय धुऊन ये. सावकाश ये. मग दोन घास खाय.”

तो परत आला तेव्हा ताट वाढलेलं होतं. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, शेजारी कांदा. विश्वंभरच्या पोटात सकाळपासून काही नव्हतं. त्यानं भाकरी मोडली, घास उचलला...

“थांब,” समोर बसलेली माय म्हणाली. “भाकरी कशाची हाय?”

“ज्वारीची.”

“नुसती ज्वारीची नाही. राघोजीच्या रानातली. तो राखणीला रातभर थंडीत जागला. मी उन्हातान्हात जाऊन मागून आणली, जात्यावर दळली. हात बघ माझे... हां, खाय आता.”

विश्वंभरनं घास तोंडात घातला.

“नीट चाव. गिळू नको. लई ताकद हाय त्याच्यात.”

त्यानं चावला.

“आन् भाजी कामून कडंला सारली? लोकांच्या लेकरांना असलं बघाय मिळत नाही!”

विश्वंभरनं घाईघाईनं भाजीचा घास घेतला. तो तोंडातल्या तोंडात फिरू लागला. मघाशी कडकडून लागलेली भूक कुठल्या कुठे पळाली. मायची नजर त्याच्या हातावरून हलत नव्हती.

“कशी हाय भाजी? गोड मान की! कुणासाठी केलं हे सगळं?”

विश्वंभरचा हात ताटातच थांबला.

...



“माय,” शेवटी तो म्हणाला, आणि त्याचा आवाज पार खाली गेला होता. “घरी मी हेच म्हणतो... रोज. शब्दन् शब्द हेच.”

मायनं चुलीवरची गरम भाकरी त्याच्या ताटात टाकली, भाजी वाढली आणि ती उंबऱ्यावर जाऊन त्याच्याकडे पाठ करून बसली. मांडीवर अंबाडीची जुडी घेतली आणि निवडू लागली.

आता त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं.

पहिला घास त्यानं लाजत घेतला. दुसरा भुकेनं. मग मात्र तो जेवतच राहिला. वांगं कसं लोण्यासारखं शिजलं होतं, देठाशी किंचित तुरट. त्यानं रस्सा भाकरीनं पुसून घेतला.

“माय, वांगी कुठली ही? अशी चव मी कधी चाखली नव्हती.”

“तुझीच. तूच आणलीस की मघाशी.”

विश्वंभरचे डोळे भरून आले. त्याच वाफ्यांतली भाजी तो इतके दिवस खात होता, पण जेवताना त्याचं सगळं लक्ष दुसऱ्यांच्या ताटांत. त्याला बायको आठवली, रोज बोलणी खाऊन तीच भाजी निगुतीनं शिजवणारी. मग रेवा आठवली. घास गिळवत नसतानाही बापाचं मन राखायला तोंड उघडणारी त्याची लेक... जाण नव्हती ती नेमकी कुणाला, हे त्याला आता कळलं. मातीचे, पाण्याचे, त्या दोघींचे किती उपकार होते त्याच्यावर! एकदाही तोंडातून चांगला शब्द निघाला नव्हता.

तो उठला आणि त्यानं मायच्या पायांवर डोकं ठेवलं.

“पोटभर जेवलो, माय. भरून पावलो. आता लेक जेवली की झालं... घरी गेल्यावर तिला काय सांगू?”

मायनं त्याचं उष्टं ताट उचललं.

“सांगू नको काही,” ती म्हणाली. “तिला म्हण, मला भूक लागलीय... एक घास भरव.”