टेम्पोवरची थोरली पेटी

"…पण कागद नसेल तर हातांनी जायचं कुठं, मास्तर?"

इनास मास्तर खाली वाकले होते. ते पियानोच्या एका पायाखाली नारळाची करवंटी सरकवत होते. जमीन खचलेली, त्यामुळं पियानो डावीकडं कलायचा. ते त्याला थोरली पेटी म्हणायचे. चाळीस वर्षं म्हणत होते आणि चाळीस वर्षं ती कललेलीच होती.

"मी तुम्हाला विचारतेय, मास्तर."

"ऐकलं. कान शाबूत आहेत. गुडघे तेवढे गेलेत."

विचारणारी होती हर्मिना डाबरे. वसईकडची, मास्तरांच्याच गावची, केळीच्या वाडीतली पोर. सहा वर्षांची असताना मास्तरांनी तिचं बोट धरून याच पेटीवर पहिला सूर दाबला होता. पुढं ती परदेशात गेली, आठ वर्षं शिकली, सोन्याचं पदक घेऊन आली. जुन्या युरोपी उस्तादांच्या रचना अशा वाजवायची, की लिहिणारा कबरीतून उठून आला असता तरी त्याला एक टिंब चुकलेलं सापडलं नसतं. पेपरात फोटो आले. गावानं फलक लावला, त्यात नाव चुकीचं छापलं. ते असो.

मग तिला जॅझची ओढ लागली.

जॅझमधे गाण्याचा सांगाडा तेवढा ठरलेला. मधे एक वेळ अशी येते, की ड्रमवाला मागं सरतो, खर्जाच्या तारा छेडणारा बासवाला मागं सरतो आणि पियानोवाल्याला रान मोकळं सोडतात. तिथं कागद नाही. जे सुचेल ते.

गेल्या साली मुंबईच्या एका हॉलात ती वेळ आली, आणि हिला काहीच सुचलं नाही.

हात पेटीवर, पेटी मुकी. हजार माणूस समोर. कोणीतरी खोकलं. शेवटी ड्रमवाल्यानं दया येऊन ठेका धरला आणि लोकांनी टाळ्या दिल्या. त्या टाळ्या तिच्या कानातून वर्षभर गेल्या नव्हत्या. माणसाला शिव्या परवडतात. दयेच्या टाळ्या परवडत नाहीत.

आता परवा, रविवारी, संध्याकाळी सहाला, तोच हॉल. परवा पुन्हा तसंच झालं तर जॅझचं नाव घ्यायचं नाही, असं तिनं आईला सांगून टाकलं होतं.

तिनं पिशवीतून चार कागद काढले.

"हे मी लिहून आणलंय. त्या मोकळ्या जागेत वाजवायला. पाठ आहे. लोकांना वाटेल आयत्या वेळी सुचलं. तुम्ही ऐका नि सांगा, खरं वाटतं का."

मास्तर चौथीपर्यंत शिकलेले. चाळीस वर्षं त्यांनी मोठमोठ्या हॉटेलांत जॅझ वाजवलं. लोक कोंबडी खायचे, हे वाजवायचे.

त्यांनी कागद घेतले. चाचपले. लांब धरून बघितले.

"अक्षर सुरेख आहे," म्हणाले.

"वाजवू?"

"आता नको. आता डेल्फिनचं पाणी आणायचं आहे."

डेल्फिन म्हणजे मास्तरांच्या भावाची नात. दुसऱ्या दिवशी तिचं लग्न. आदल्या दिवशी बाया वाजतगाजत विहिरीवर जातात, घडे भरून आणतात आणि त्या पाण्यानं नवरीला न्हाऊ घालतात. पुढं बाया गात, मागं ब्यांड. ब्यांडानं बायांच्या पुढं जायचं नाही, असा दंडक.

तेवढ्यात बावतीस आला. हा केळी वाहायचा टेम्पो चालवायचा.

"मास्तर, ब्यांड येत नाही."

"मग पेटी चढव."

"कुठली पेटी?"

"घरात किती आहेत?"

आठ गडी लागले. टेम्पोत केळीची पानं अंथरली, त्यावर पियानो उभा केला आणि केबिनच्या पाठीला सोलानं, काथ्याच्या दोरीनं, आवळून बांधला. समोर प्लास्टिकची खुर्ची, तीही बांधली. हर्मिना अंगणात डोक्याला हात लावून उभी.

"मास्तर, अहो, पियानोला हात लावायच्या आधी मी हॉलातल्या हवेचा दमटपणा मोजून घेते. आणि तुम्ही तो टेम्पोवर… वाजवणार कोण?"

सगळे तिच्याकडं बघत राहिले.

"मी?"

"माझे गुडघे गेलेत," मास्तर म्हणाले.

"पियानो काय गुडघ्यांनी वाजवतात?"

"टेम्पोवर चढायला लागतात."

ती चढली. काय करणार? गुरूला नाही म्हणता येत नाही, आणि वीस बाया घडे घेऊन खोळंबल्या होत्या.

पेटी टेम्पोतही हलत होती. करवंटी घरी राहिलेली. मास्तरांनी इकडंतिकडं बघितलं, हातातल्या चार कागदांची नीट घडी घातली, आणखी एक घडी घातली आणि पेटीच्या पायाखाली ठोकून बसवली.

"मास्तर!"

"कागद जाड आहे," मास्तर म्हणाले. "चांगला आहे."

आणि पुढं केबिनमधे बावतीसशेजारी जाऊन बसले. मागच्या खिडकीतून त्यांचं टक्कल तेवढं दिसत होतं.

बायांच्या पुढं कोंसू आजी. पंच्याऐंशीची, लाल लुगडं, डोक्यावर तांब्याचा घडा. गावातल्या प्रत्येक नवरीचं पाणी तिनंच आणलेलं.

"आजी," हर्मिनानं वरून विचारलं, "कुठल्या पट्टीत गाणार? काळी चार की पांढरी पाच?"

"माझा घसा काळा का पांढरा ते डॉक्टरला ठाऊक. मी गाते, तू ये मागून."

"पण सूर कळल्याशिवाय मी…"

आजी निघाली सुद्धा.

*पाण्याला निघाल्या गं पाच जणी,*
*घडा माझा डुलतो, वाट जुनी…*

टेम्पो चालू झाला. हर्मिनानं सूर शोधला. सापडला, तोवर आजी दुसऱ्या कडव्यावर. सुचेना, तेव्हा हर्मिनानं आपलं पाठ केलेलं सुरू केलं. चार कागदांतला पहिला कागद. एक टिंब चुकलं नाही.

आजीनं मागं वळून बघितलं.

"मयत कोणाची आहे गं?"

वीस बाया खदाखदा हसल्या. हर्मिनाचे कान लाल झाले.

पुढं कालव्यावरची मोरी. टेम्पोचं मागचं चाक खड्ड्यात गेलं, खुर्ची उडाली, आणि तिचे दोन्ही हात नको त्या सुरांवर धपकन पडले. असा आवाज निघाला, की बांधावरचे बगळे उडाले.

तिनं हात उचलले.

"थांबवा! चुकलं माझं!"

टेम्पो थांबला नाही. बाया थांबल्या नाहीत. आजीनं तर बघितलंही नाही.

"मास्तर, मी पुन्हा सुरुवातीपासून घेते!"

"सुरुवात मागं राहिली," खिडकीतून आवाज आला. "पास्कूच्या वाडीपाशी. गाडी तिकडं जात नाही."

"मग मी काय करू?"

खिडकीतलं टक्कल पुढंच बघत होतं.

"मास्तर?"

"बाया पुढं गेल्या बघ."

ती रडकुंडीला आली. विहिरीपर्यंत तिनं नुसता ठेका धरला, डाव्या हातानं, लहान पोरासारखा. सोन्याचं पदक घेतलेली बाई! बावतीस आरशातून बघत होता. मग त्यानं आरसा दुसरीकडं फिरवला हे त्याचे उपकार.

विहिरीवर घडे भरले. बाया फिरल्या. आता उन्हं कलली होती आणि पाण्याच्या वजनानं बायांची चाल बदलली होती. जाताना फडफड होती, येताना डुलत येत होत्या. गाणंही डुलायला लागलं. हर्मिनानं डावा हात त्या चालीला लावला. इतकं तर कोणालाही आलं असतं.

पुन्हा तीच मोरी.

कोंसू आजीचा पाय लचकला. घडा कलंडला. पाणी तिच्या मानेवरून पाठीवर, लुगडं चिंब. बाकीच्या बायांनी धरलं म्हणून म्हातारी उभी राहिली.

हर्मिनाचे हात थांबले.

"आजी! सांडलं! अर्धं गेलं! परत भरून आणायचं का?"

आजीनं तोंडावरचं पाणी पुसलं.

"परत? या गावात न सांडता आणलेला एक घडा दाखव मला. नवरी काय सांडलेल्यानं न्हाते? उरलेल्यानं न्हाते, बाय. वाजव. तुझे हात का थांबले? तुझ्या डोक्यावर घडा आहे?"

आणि म्हातारीनं पुढचं कडवं उचललं. दम लागलेला, म्हणून एक सूर वर.

हर्मिनाचा उजवा हात त्या सुरावर होता.

तिनं ठेवला नव्हता. तो होता.

टेम्पो मोरीवरून गेला, खुर्ची उडाली, हात घसरला. घसरला तिथून ती पुढं गेली. तिकडून तिला मघाचं सांडलेलं पाणी वाजवावंसं वाटलं, म्हणून वरच्या सुरांवरून खाली ओघळ आणला. बाया हसल्या. ते हसणं तिनं उचललं आणि त्यांना परत दिलं. आठ वर्षं परदेशात शिकलेलं मधेच आलं, येऊ दिलं. मास्तरांचा हॉटेलातला ठेका आला, त्याच्यावर आजीचं गाणं चढवलं. आजी दर कडव्याला सूर बदलत होती, मुद्दाम, म्हातारी महाबेरकी. हर्मिना एकदाही मागं राहिली नाही. रस्त्यानं माणसं घराबाहेर आली. मळ्यातली पंप बंद करून आली. मांडवात पोचेपर्यंत टेम्पोमागं अर्धं गाव नाचत होतं आणि वरात नसताना वरात झाली होती.

टेम्पो थांबला. तिचे हात मांडीवर पडले. ती नुसती धापा टाकत होती.

"मास्तर… मी काय वाजवलं?"

"मला काय ठाऊक? मी पुढं बसलो होतो."

गडी पेटी उतरवायला आले. बावतीस सोल सोडता सोडता म्हणाला, "मास्तर, त्या ब्यांडवाल्यांना तुम्हीच येऊ नका म्हटलंत, पण निदान जेवायला यायला हरक…"

"दोरी बघ," मास्तर म्हणाले. "दोरी सुटतेय."

रविवारी हॉल भरला. तिसऱ्या रांगेत इनास मास्तर, कोट घालून. त्यांच्याशेजारी लाल लुगड्यात कोंसू आजी, मांडीवर लग्नातल्या उरलेल्या वड्यांचा डबा. तिला कार्यक्रमाचं काही नव्हतं. पोरीला भूक लागेल म्हणून आली होती.

पहिला भाग जुन्या उस्तादांचा. टिंब चुकलं नाही.

दुसऱ्या भागात ती वेळ आली. ड्रमवाला मागं सरला. बासवाला मागं सरला.

कोणीतरी खोकलं. तसंच, गेल्या सालासारखं.

चार कागद तिच्या डोक्यात ओळीनं उभे होते. एकेक टिंब दिसत होतं. तिनं त्यांची घडी घातली. आणखी एक घडी घातली.

आणि आजीच्या गाण्याचा पहिला सूर लावला.

एकच. नुसता. मग दुसरा. मग विहिरीवरून निघाल्यासारखी डुलत निघाली. ड्रमवाल्यानं मान वर केली. तिचं चौथं बोट घसरलं, दोन सूर एकावर एक पडले, कुरूप. तिनं ते टाकले नाहीत. त्यांच्यावर पाय देऊन वर चढली. पुन्हा दोनदा घसरली, तिथून दुसरी वाट निघाली आणि त्या वाटेनं अशी धावली, की बासवाला हसत सुटला आणि ड्रमवाला ठेका धरायचं विसरला. हजार माणसं खुर्चीच्या कडेला आली. शेवटचा सूर तिनं दाबला आणि सोडलाच नाही. तो विरत गेला, विरत गेला…

मग हॉल उठला.

नुसता टाळ्या देत नव्हता, ओरडत होता. शिट्ट्या येत होत्या. गेल्या सालच्या टाळ्या त्यात बुडून गेल्या, पुन्हा वर आल्या नाहीत. कोंसू आजी तेवढी उठली नाही. ती शेजारणीला सांगत होती, "माझं गाणं आहे ते. माझं."

कार्यक्रम संपल्यावर मास्तर आतल्या खोलीत आले. हर्मिना घामानं निथळत होती, एका डोळ्यानं रडत, एका डोळ्यानं हसत. तिनं वाकून त्यांच्या पायांना हात लावला. गेलेल्या गुडघ्यांनाही लावला.

"मास्तर, हात तीनदा घसरला माझा. तीनदा! तुम्हाला कळलं असेल."

मास्तरांनी आजीच्या डब्यातला वडा उचलला. अर्धा खाल्ला. सावकाश चावला…

"सांडलं तरी नवरी न्हाली ना?" ते म्हणाले.