आग्रहाचं तेल

दाजीसाहेब इनामदारांच्या आग्रहाला अख्खी पंगत घाबरायची. त्यांच्या मोटारसायकलला साखळीऐवजी चाक फिरवणारा दांडा, म्हणजे शाफ्ट होता आणि मागच्या चाकापाशी असलेल्या त्याच्या गिअरपेटीतून तेल गळत होतं. दोन मेकॅनिकांना हाकलून दिल्यावर ते गरजले, "गळती थांबवेल त्याची गाडी."

सूनबाई शर्वरीने पेटी पुसून तिच्यावर रांगोळी भुरभुरली आणि ती गाडीवरून गावात फेरी मारून आली. ओला ओघळ पेटीच्या वरच्या बाजूला हवेसाठी ठेवलेल्या छिद्रापासून निघाला होता.

"तेल कोण भरतं, मामंजी?"

"मीच, काठोकाठ. आपल्या घरात कंजुषी नाही."

तिने वाटीभर तेल काढलं. गळती थांबली.

"मग दोष कशात होता?"

किल्लीसाठी हात पुढे करत शर्वरी म्हणाली, "गाडीत नव्हता. तुम्ही वाढायला आलात की पाहुणे पानावर आडवा हात धरतात. हिला बिचारीला हात नाहीत."